माझ्या नावाचा घास

सप्टेंबर लागला की लायडनच्या डच विद्यापीठात शिकायला नवी पोरं येतात. स्टेशनबाहेर सुटकेसांची चाकं फरशीवर खडखडत असतात. कालव्याच्या पुलावर कुणीतरी फोनमधला नकाशा उलटासुलटा करत उभं असतं, आणि नुकत्याच घेतलेल्या जुन्या सायकलींच्या साखळ्या दर दोन चौकांत पडत असतात. मला ही पोरं बघायला फार आवडायची. मी इथे आले तेव्हा अशीच बावळट होते, म्हणून असेल. आता त्यांच्याकडे बघणं मी टाळते. एखादी मुलगी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी बाकावर बसलेली दिसली की वाटतं, हिला आज कुणी जेवायला बोलावलं असेल का? आणि बोलावलं असेल, तर ते ऐकून हिच्या आईनं तोंड कसं केलं असेल?

गेल्या वर्षी याच दिवसांत माझी सई आदिस अबाबाला होती.

सई आमची एकुलती एक. जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, आणि राग आला की डचमध्ये. पोरीनं शिकायला काय घेतलं, तर आफ्रिका. वर्षभर इथे बसून त्या लोकांची अम्हारिक भाषा घोकली आणि मग एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात जायचं ठरवलं. मी कुणाला मोठ्या उत्साहानं सांगितलं असेल असं वाटत असेल तर तसं काही नाही. एका वाढदिवसाला इथल्या मराठी मंडळींतलीच एक बाई म्हणाली, "आफ्रिका? का गं, लंडन नाही मिळालं?" आणि मी चक्क म्हणाले, "अहो, पाचसहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे." जणू मुलीला कावीळ झालीय. सई शेजारीच उभी होती. तिनं हातातल्या ढोकळ्याकडे बघितलं.

बॅग मीच भरली. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, चिवडा. आणि एक स्टीलचं ताट. ते माझ्या लग्नातलं, माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी दिलेलं. कडेला मशीननं टिंब टिंब करून माझं नाव घातलेलं. आमच्या घरात नाव न घातलेलं भांडं सापडणार नाही. ताट कपड्यांच्या मधोमध ठेवताना मी सईला बजावत होते. आपल्याच ताटात जेवायचं. आपलाच चमचा. आपली बाटली कुणाला द्यायची नाही, कुणाच्या बाटलीला तोंड लावायचं नाही. तिथे सगळे एकाच थाळ्यात हात घालतात म्हणे, तू आपली खोलीत बसून जेवत जा. सई फोनमध्ये बघत "येस मम्मी, येस मम्मी" करत होती. हे ती जन्मापासून ऐकत आली होती. डच शाळेत वाढदिवसाला मुलं वर्गात खाऊ वाटतात, तेव्हासुद्धा मी विचारायचे, कागदात गुंडाळलेला होता की उघडा?

माझं कामही तसलंच. इथल्या सायन्स पार्कमध्ये एका प्रयोगशाळेत पेशी वाढवतात, त्यात बाहेरचं काही शिरू नये हे मी बघते. हातमोजे, टोप्या, फवारे. दिवसभर मी लोकांना "त्याला हात लावू नका" असंच सांगत असते. त्यामुळे माझ्या सगळ्या खोडींना फार सोयीचं नाव होतं. हायजीन.

सईचे पहिले दिवस वाईट गेले. ते शहर उंचावर आहे, दोन जिने चढले की तिला धाप लागायची. नळाला रोज पाणी नाही, पिंपात भरून ठेवायचं. लाइट जायची. घड्याळाचीही गंमत. तिथे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. तिला सांगितलं, वर्ग तीनला. ही बिचारी दुपारी तीनला नटूनथटून हजर, आणि वर्ग सकाळी नऊलाच होऊन गेलेला! सांगताना हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. इथे मी स्वयंपाकघरात फोन धरून उभी, बाहेर पाऊस नुसता रिपरिप चाललेला, आणि करता काहीच येईना. "जेवलीस का?" एवढंच विचारत राहिले. जेवत नव्हती. खोलीचं दार लावून, माझ्या नावाच्या ताटात मेतकूट-भात घेऊन बसायची, चार घास खायची आणि बाकीचा टाकायची. हे तिनं मला फार नंतर सांगितलं. तेव्हा म्हणायची, "जेवले."

ती राहायची अल्माझ नावाच्या एका बाईंच्या घरी. साठीच्या, विधवा, मुलं परदेशात. दोन खोल्या विद्यार्थ्यांना देतात. मी त्यांना पहिल्यापासून अल्माझबाईच म्हणते, जिभेला तसंच वळण आहे. त्या घरात एकटं जेवणं म्हणजे आजारी असणं. चारपाच दिवस त्यांनी बघितलं, ही पोरगी दार लावून जेवते. त्यांना वाटलं, हिला काही झालंय. एका दुपारी त्यांनी दार वाजवलं, सईचा हात धरला आणि तिला ओढतच थाळ्यापाशी नेऊन बसवलं. थाळ्यात इंजेरा. आपल्या आंबोळीसारखा असतो, पण केवढा तरी, आख्ख्या थाळ्यावर अंथरलेला, आणि वर डाळी, भाज्या, रस्से. सगळ्यांनी कडेकडेनं तोडून खायचं. सई म्हणते, त्या दिवशी तिनं पोट दुखेपर्यंत खाल्लं.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसलं की पोरीचा आवाज सुधारला. मी नवऱ्याला म्हटलं, "बघ, मेतकूट कामाला आलं."

मग त्यांचं नवं वर्ष आलं. ते सप्टेंबरातच येतं, तिथला पाऊस सरता सरता. सईनं त्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल केला. फोन कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे सगळी खोली दिसत होती. जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं. पिवळ्या फुलांच्या जुड्या. कोपऱ्यात निखाऱ्यावर कॉफी, धूप, धुरानं चित्र मधूनच पुसट व्हायचं. अल्माझबाई पांढऱ्या सुती कपड्यात, डोक्यावरून पदर घेतल्यासारखं काहीतरी. मला बघून त्यांनी दोन्ही हात हलवले. मीही हलवले. इथवर सगळं छान.

मग त्यांनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, त्यात रस्सा, भाजी, अंडं असं गुंडाळून चांगला मुठीएवढा घास केला, आणि ज्या हातानं इतका वेळ स्वतः जेवत होत्या त्याच हातानं तो सईच्या तोंडात कोंबला. बोटं ओठांच्या आत गेली. मी बघितलं.

"शी!" मी म्हणाले. "सई, उष्ट्या हातानं? थूक ते!"

आवाज मोठाच होता. आणि तोंड. कॉलमध्ये खाली कोपऱ्यात आपलं आपल्यालाही दिसतं ना, तिथे ते मला दिसलं. नाक वर चढलेलं, वरचा ओठ उचललेला, मान मागे. हे तोंड माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी मी ते दुसऱ्यांच्या दारात उभी राहून पाहिलेलं आहे.

अल्माझबाईंनी सईकडे बघून काहीतरी विचारलं. काय विचारलं असणार! सईचं तोंड भरलेलं होतं. तिनं तो घास सावकाश चावला, गिळला, आणि मग त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. अल्माझबाईंनी छातीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. त्या पडद्याकडे बघून वाकल्या, पुन्हा वाकल्या. आणि मी, अहो, मी हसले. हात जोडून नमस्कारसुद्धा केला. त्या सगळ्या प्रकरणात माझं ते हसू मला अजून सगळ्यात जास्त छळतं.

संध्याकाळी सईनं पुन्हा फोन केला. डचमध्ये.

"काय सांगितलंस तू त्यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की आमच्याकडे आई अशीच भरवते. त्यांना तसं करताना बघून मम्मीला रडू आलं."

"बरं केलंस गं बाई."

"मी तुझ्यासाठी नाही केलं. त्यांच्यासाठी केलं."

"सई, मी काय वाईट बोलले? हायजीन म्हणून काही असतं की नाही? पोट बिघडलं असतं म्हणजे?"

"तू हायजीन नाही म्हणालीस. तू 'शी' म्हणालीस."  मग चक्क मराठीत म्हणाली, एकेक शब्द शोधत, "आजोबांना पाणी वरून द्यायचे ना, मम्मी?"

मी फोन ठेवून दिला. दुसरं काय करणार होते?

आम्ही बौद्ध. अण्णांच्या लहानपणी गावच्या शाळेत त्यांना मडक्याला हात लावायची मुभा नव्हती. तहान लागली की शिपायाची वाट बघायची, तो आला की ओंजळ करून खाली बसायचं, आणि तो वरून पाणी सोडणार. त्याचा तोंडवळा अण्णांना आठवत नाही. हात आठवतो. हात किती उंच होता, हे ते अजून उभं राहून, स्वतःचा हात वर करून दाखवतात. दर जयंतीला सगळी नातवंडं जमली की ही गोष्ट व्हायचीच. सई लहान असताना सुट्टीत पुण्याला गेलो की त्यांच्या मांडीवर बसून विचारायची, "पण मग तुमच्या शर्टावर सांडायचं नाही का?" अण्णा म्हणायचे, "सांडायचं ना. म्हणून तर थंडीत तहान लागू द्यायचो नाही."

अण्णा शिकले, पुण्यात सरकारी नोकरीला लागले. आम्ही कॉलनीत राहायला आलो तेव्हा आमचं घर सगळ्यात स्वच्छ असलं पाहिजे, हा घरचा कायदाच झाला. तांब्याची कळशी आई रोज चिंचेनं घासायची. "कुणी बोट दाखवता कामा नये," अण्णा म्हणायचे. पूजेला आमच्याकडून नेलेली पातेली, आम्ही कोण ते कळल्यावर, एका काकूंनी दारात न येता जिन्यातच ठेवली होती, तेव्हापासून प्रत्येक भांड्यावर नाव. मी मैत्रिणींच्या घरी बघून बघून सगळं शिकले. उष्टं काय, खरकटं काय, कोणत्या हातानं वाढायचं, पाण्याचा तांब्या तोंड न लावता कसा प्यायचा. त्यांच्यापेक्षा कडक झाले मी. मैत्रिणीच्या आईनं एकदा कौतुक केलं होतं, "तुमच्यातली वाटत नाहीस हो!" मी घरी येऊन ते आनंदानं सांगितलं. अण्णा उठून गॅलरीत गेले. मला तेव्हा कळलं नाही. फोन ठेवून लायडनच्या त्या स्वयंपाकघरात उभी होते तेव्हा कळलं. ज्यांनी आम्हाला दारात उभं केलं त्यांचं तोंड मी स्वतःला लावून घेतलं होतं, आणि ते सईच्या ताटासकट आफ्रिकेत पाठवलं होतं. लाज वाटली. इतकी की नवऱ्यालाही दोन दिवस काही सांगू शकले नाही.

मला वाटलं, होईल हळूहळू सगळं ठीक. पण अल्माझबाईंनी ते होऊ दिलं नाही. त्यांच्या लेखी मी भरवणं बघून रडणारी आई होते. पुढच्या रविवारी कॉल लागला तर त्या आधीच फोनसमोर येऊन बसलेल्या. सईला एक घास भरवला. मग दुसरा, आणखी मोठा केला, आणि माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

सई पडद्याकडे न बघता म्हणाली, "हा तुझ्या नावाचा. तू लांब आहेस म्हणून."

आणि मग दर रविवारी. आधी त्यांचा घास, मग माझ्या नावाचा. शेजारणींना बोलावून मला दाखवायच्या, ही बघा ती आई. मी हसायचे, हात जोडायचे. कॉल संपला की ओटा पुसत बसायचे, पुसलेलाच. एकदा कॉफीच्या बिया भाजून झाल्यावर अल्माझबाई त्या एका ताटात घालून सगळ्यांना वास घ्यायला फिरवत होत्या, आणि माझ्या लक्षात आलं, ते ताट माझं होतं. कडेला टिंबाटिंबांचं माझं नाव. ज्यात दुसऱ्या कुणी हात घालू नये म्हणून पाठवलं होतं ते ताट घरभर फिरत होतं. त्यांनी ते फोनजवळही आणलं. मलाही वास घ्यायला. मी नाक पुढे केलं. काय करणार?

दिवाळीच्या सुमारास मी सईला म्हटलं, "त्यांना खरं सांगून टाकू का? मला असह्य होतंय गं."

"तुला असह्य होतंय म्हणून त्यांना कशाला?" सई म्हणाली. "त्यांना बरं वाटतंय. तुझं तू सांभाळ."

पटलं. माफी मागायची तर आधी त्यांना कळवायला हवं की मला त्यांची किळस आली होती. ते सांगून मी मोकळी झाले असते, आणि त्या? म्हणून मी गप्प बसले, आणि दर रविवारी माझ्या नावाचा घास माझ्या मुलीच्या तोंडात जाताना बघत राहिले.

हिवाळ्याच्या शेवटी सई परत आली. काळवंडली होती, केस वाढले होते, आणि हसायला लागली की आधी तोंडावर हात न्यायची. ही सवय तिकडचीच. मी पुरणपोळी केली होती. पहिली तव्यावरून उतरवली, तूप सोडलं आणि नेहमीसारखा कोपरा मोडून तिच्या तोंडाशी नेला. पोर वीस वर्षांची झाली तरी पहिला घास मी भरवायचे, आमचं ते ठरलेलंच होतं.

सई हसली. तोंडावर हात नेला आणि म्हणाली, "नको मम्मी. उष्टं होईल."

थट्टेतच म्हणाली असेल. नंतर ताट घेऊन चार पोळ्या खाल्ल्याही. पण तो कोपरा माझ्या हातात तसाच राहिला, आणि तूप मनगटावर ओघळलं.

या वर्षी ऑगस्टमध्ये अण्णा आमच्याकडे आले आहेत. अठ्ठ्याहत्तर पूर्ण. सकाळी टोपी घालून कालव्याच्या कडेनं फिरून येतात आणि बदकांची तक्रार करतात, कुणाला वाटच देत नाहीत म्हणे. एकदा फिरून येताना गवतातली पिवळी फुलं खुडून आणली. रस्त्याच्या कडेला उगवतात तसली, मला नाव माहीत नाही. ग्लासात ठेवली. सईनं ती बघितली आणि म्हणाली, "अरे, रविवारी तर त्यांचं नवं वर्ष!" आता ती वेगळी खोली घेऊन राहते, पण त्या रविवारी सकाळीच येऊन पोचली. आंबवलेलं पीठ घेऊन. तेफ नावाचं धान्य, इथे मिळतं. माझ्या डोशाच्या तव्यावर इंजेरे घातले, पहिले दोन फसले, तिसऱ्याला जाळी पडली.

"हे तर घावनच की," अण्णा म्हणाले.

थाळा नव्हता, म्हणून मोठी परात घेतली. त्यात इंजेरा, मसुराची डाळ, कोबी-बटाटा, अंडी. परातीभोवती आम्ही चौघं, आणि साखरेच्या डब्याला टेकवलेला फोन. फोनमध्ये अल्माझबाई, गवत, धूप, तेच सगळं. अण्णांनी त्यांना मराठीत विचारलं, "काय, बरं आहे ना? पाऊसपाणी?" त्यांनी अम्हारिकमध्ये काहीतरी उत्तर दिलं. दोघांचं छान चाललं होतं.

सईनं घास केला. चांगला मोठा. आणि एकदम अण्णांच्या तोंडात घातला, बोटांसकट. मी बघत होते. अण्णा दचकले, पण तोंड उघडलंच, लहान मुलासारखं, डोळे मिटून. डाळ हनुवटीवर आली. ती सईनंच अंगठ्यानं पुसली. अण्णा कितीतरी वेळ चावत राहिले.

"अण्णा, तिखट लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. घास गिळून म्हणाले, "नाही गं. एवढ्या जवळून कुणाचा हात... माझी आई गेल्यानंतर पहिल्यांदाच." आणि टोपी काढून डोळे पुसले.

फोनमधून अल्माझबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे बोट दाखवून हसत हसत काहीतरी म्हणाल्या. मला आता तेवढं कळतं. आता आईचा.

सईनं तुकडा तोडला. डाळ घेतली, भाजी घेतली, नीट गुंडाळलं. हात माझ्या तोंडापर्यंत आला. मी तोंड उघडायच्या बेतात होते. वर्षभर मी त्याचीच वाट बघत होते, हे मला त्या क्षणी कळलं.

हात थांबला. अल्माझबाईंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, स्वच्छ मराठीत, सईनं विचारलं, "मम्मी, चालेल ना?"

मी घाईघाईनं तोंड उघडलं. घास खाल्ला, बोटांसकट, चांगला होता. डोळ्यांत पाणी आलं, आणि फोनमध्ये अल्माझबाई शेजारणीला दाखवू लागल्या, बघा, मी सांगितलं नव्हतं, ही रडते.

अण्णांना सईनं विचारलं नव्हतं.